ताई, झोपेची गोळी एकदम बंद करू का?

"ताई, माझं वय ४७, डोंबिवलीला राहते, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. २०२१ ला कोविडमध्ये भाऊ गेला आणि माझी झोपच उडाली. फॅमिली डॉक्टरांनी अल्प्राझोलाम ०.२५ ची गोळी दिली, पंधरा दिवस घ्या म्हणाले. ते पंधरा दिवस अजून संपलेले नाहीत. आता ०.५ च्या तीन घेते, झोपताना दोन आणि पहाटे जाग आली की एक. चिठ्ठी कोणी मागत नाही, मेडिकलवाला ओळखीचा आहे. नवऱ्याला माहीत नाही. स्ट्रिप रव्याच्या डब्यात ठेवते, आणि गोळी काढताना आवाज येऊ नये म्हणून बाथरूमचा नळ सोडते. यंदा गणपतीत कोकणात गेलो तेव्हा मुद्दाम गोळ्या नेल्या नाहीत, म्हटलं सुटतील. दुसऱ्या दिवसापासून हात थरथरायला लागले, घाम, धडधड, आरतीतल्या झांजांचा आवाज डोक्यात घुसत होता, शेवटी तिसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन गोळ्या आणल्या. जाऊबाईंना वाटतं मी कधीतरी एखादी घेते, त्या म्हणतात मनाचा निश्चय कर आणि फेकून दे. मी नशेडी झालेय का ताई? एकदम बंद करू का? आणि यांना सांगू का?"

अगं, आधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण तेच सगळ्यात घाईचं आहे. नाही. एकदम बंद करायची नाही. आज रात्री जेवढी रोज घेतेस तेवढीच घे, वर एक नको आणि खाली एक नको, आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत तसंच चालू ठेव. जाऊबाईंचा सल्ला प्रेमाचा असेल पण तो चहा सोडायला ठीक आहे, या गोळीला नाही. रोज घेणाऱ्या माणसाने ही झटक्यात सोडली तर फिट येऊ शकते, आयुष्यात कधी फिट आलेली नसली तरी, आणि ती लोकलच्या दारात किंवा गॅसपुढे उभी असताना आली तर काय होईल ते मी सांगायला नको. कोकणात तुझ्या हाताला जे झालं ना, ती त्याचीच सुरुवात होती. तू परत गोळी घेतलीस म्हणून स्वतःला कमजोर समजत असशील, मी तर म्हणेन बरं झालं घेतलीस.

आता हे का होतं ते थोडं समजून घे. आपल्या मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं, त्याचं काम म्हणजे नसांना जरा गप्प बस म्हणणं. ही गोळी त्या गाबाचा जोर वाढवते, म्हणून पहिल्या रात्री आहाहा अशी झोप लागते. पण रोज रोज बाहेरून मदत आली की मेंदू आपलं काम कमी करतो. घरी भांड्याला मावशी येत असतात तेव्हा आपल्या हाताची सवय जाते ना, तसं, आणि मग एक दिवस मावशी न सांगता गावाला गेल्या की सिंक भरून वाहतं. त्यात अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरते, साधारण अकरा-बारा तासांत अर्धी, म्हणून तुला बरोब्बर दुसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला. झांजांचा आवाज सहन न होणं हेही त्यातलंच, देवाचं काही चुकलं वगैरे मनात आणू नकोस (तू लिहिलं नाहीस, पण आलं असणार, मी ओळखते). आणि पहाटे तीनला जी जाग येते आणि तू तिसरी गोळी घेतेस, तीसुद्धा बऱ्याचदा निद्रानाशाची नसते, रात्रीची गोळी उतरत आल्याची असते.

नशेडी या शब्दाचं म्हणशील तर मी गोड बोलून तुझी समजूत घालणार नाही. शरीराला सवय लागणं ही एक गोष्ट, ती डॉक्टरांनी दिलेलं औषध सरळमार्गाने घेणाऱ्यालाही लागते, त्यात लाज कसली. पण डोस आपणच वाढवणं, लपवणं, नळ सोडणं, संपायच्या आधी स्ट्रिप मोजत बसणं, हे व्यसनाच्या बाजूचं आहे आणि ते तुलाही कळतंय म्हणूनच तू पत्र लिहिलंस. दोन्ही आहे असं धरून चाल. उपचार तसाही दोन्हीला लागतो.

तो मेडिकलवाला, त्याच्यावर मी जरा रागावलेय. ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमाने विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत येते, मार्च २०१४ पासून नियम असा आहे की चिठ्ठीशिवाय द्यायची नाही आणि दुकानदाराने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहून ते तीन वर्षं ठेवायचं. तुझ्या नावापुढे तो कुठल्या डॉक्टरचं नाव लिहितोय, की काहीच लिहीत नाही, कोण जाणे. ओळखीचा आहे म्हणून देतो हे खरं, पण ओळखीच्या माणसाने निदान एकदा विचारायला हवं होतं की वहिनी, इतक्या कशाला लागतात. आणि डॉक्टर पण. पंधरा दिवस सांगितलं ते बरोबरच सांगितलं, ही औषधं दोन ते चार आठवड्यांपुरतीच असतात, पण सोळाव्या दिवशी काय करायचं ते कोणी सांगत नाही.

हे मी एवढं तावातावाने लिहितेय त्याला कारण आहे. माझी आई अशीच एक गोळी अकरा वर्षं घेत होती, पांढरी छोटी, "माझी साखरेची" म्हणायची, आम्ही हसायचो. ७४ व्या वर्षी रात्री बाथरूमला उठली, गोळीच्या गुंगीत पाय अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात आम्ही डायबेटिसच्या, बीपीच्या सगळ्या गोळ्या सांगितल्या आणि ही सांगायची राहिली कारण ती आम्हाला औषध वाटतच नव्हती. ऑपरेशननंतर दोन दिवसांनी ती भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणून ओरडायला लागली. सगळे म्हणाले वयाचं आहे. शेवटी एका नर्सने विचारलं, आजी घरी झोपेचं काही घेत होत्या का? तेव्हा उलगडा झाला, रोजची गोळी झटक्यात बंद झाल्याचं होतं ते सगळं.

तर आता काय करायचं. सायकियाट्रिस्टकडे जायचं. हो, मला माहितीय ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्या बाईला हे ऐकल्यावर पहिलं काय आठवतं, आपण लहानपणी एकमेकींना "ठाण्याला पाठवीन" म्हणायचो तेच, तिथलं वेड्यांचं हॉस्पिटल. पण तुला ॲडमिट व्हायची गरज लागेलच असं नाही, बहुतेकांचं हे ओपीडीतच होतं, घरी राहून, ऑफिसला जात. फिट आधी कधी आली असेल, दारू पण चालू असेल, डोस फार मोठा असेल तर मात्र डॉक्टर काही दिवस ठेवून घेतात. ऑफिसात कळेल याची भीती असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुझी माहिती गुप्त ठेवणं हा तुझा हक्क आहे. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांना आकडा खरा सांग. आपण बायका तिथेही दोनच घेते म्हणून सांगतो, मग ते दोनच्या हिशोबाने कमी करतात आणि तिसरीचा त्रास वेगळा. स्ट्रिप सोबत ने, तिच्यावर एसआर लिहिलंय का ते त्यांना बघू दे, कारण त्या गोळ्या सावकाश विरघळणाऱ्या असतात, त्या तोडून चालत नाही.

मग सुरू होतं ते उतरणं, आणि ते फार फार हळू असतं. एका वेळी साधारण पाच ते दहा टक्के कमी, मग दोन ते चार आठवडे तिथेच थांबायचं, शरीर सावरलं की पुढची पायरी. तुझ्या दीड मिलिग्रॅमवरून शून्यावर यायला कित्येक महिने लागतील, वर्षही लागेल, आणि त्यात काही बिघडत नाही. काही डॉक्टर अल्प्राझोलामच्या जागी आधी डायझेपाम ही त्याच जातीची गोळी देतात, ती शरीरात खूप वेळ टिकते त्यामुळे पहाटेचा तो झटका बसत नाही आणि छोटे छोटे तुकडे कमी करता येतात. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन नावाच्या डॉक्टर बाईंनी १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं फक्त याच गोळ्या सोडवायचं क्लिनिक चालवलं, त्यांची पद्धतही हीच होती, हळू आणि पेशंटच्या वेगाने. हिशोब मात्र डॉक्टरनेच करायचा, यूट्यूब बघून घरी सुरीने तुकडे करू नकोस. मधेच कोणी म्हणेल त्यापेक्षा झोलपिडेम ही दुसरी झोपेची गोळी घे, ती हलकी असते. ती पण मेंदूत त्याच जागी जाऊन बसते गं. नुसता डबा बदलायचा.

उतरताना मधे काही आठवडे वाईट जातील. झोप तुटेल, चिडचिड होईल, पोटात गोळा येईल, भावाची आठवण येऊन रडू येईल. ते रडू येऊ दे. २०२१ ला तू रडलीस की गोळी घेऊन झोपलीस, मला शंका आहे. याबद्दल समुपदेशकाशी बोललीस तर फार बरं, कारण झोप कशामुळे गेली होती ते अजून तिथेच पडलेलं आहे.

आणि नुसती गोळी काढून झोप येत नाही, झोप परत शिकवावी लागते. त्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलायचा बिनगोळीचा उपचार, सहा ते आठ भेटींत होतं, आणि जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हेच द्यावं असं आता डॉक्टरांच्या संघटनाच सांगतात. त्यातली एक गोष्ट तू आजपासून करू शकतेस, उठायची वेळ पक्की. रविवारी पण. रात्र कशीही गेली तरी त्याच वेळेला उठायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही. अंथरूण फक्त झोपेसाठी, मोबाइल आणि ऑफिसची एक्सेल शीट तिथे नाही. वीसेक मिनिटं झोप आली नाही (घड्याळ बघू नकोस, अंदाजाने) तर उठून बाहेरच्या खोलीत बस, कंटाळवाणं काहीतरी कर, मी कोथिंबीर निवडते, डोळे जड झाले की परत जा. आणि साडेपाचचा ऑफिसचा चहा बंद. हा सल्ला मला स्वतःला पाळता येत नाही पण तू पाळ.

तुझं वय ४७ आहे म्हणून अजून एक, रात्री अंगातून वाफा येऊन जाग येते का? पाळी जायच्या काळात हे होतं आणि त्याचे उपचार वेगळे आहेत. घोरतेस का तेही नवऱ्याला विचार, झोपेत श्वास अडकत असेल तर या गोळीने ते वाढतं.

आलो नवऱ्यापर्यंत. सांग. तो काय म्हणेल मला माहीत नाही, कदाचित पहिले दोन दिवस गप्प बसेल, कदाचित एवढी वर्षं मला मूर्ख बनवलंस म्हणेल, आणि त्याला तेवढा हक्क आहे. पण तुला मध्यरात्री काही झालं तर डॉक्टरला कोणती गोळी आणि किती हे सांगणारं घरात दुसरं माणूस पाहिजे, आईच्या वेळी आमच्याकडे ते नव्हतं. एखाद्या लग्नात तू हातात ग्लास घेतलास तर तोच अडवणार, कारण दारू आणि ही गोळी एकत्र म्हणजे श्वासच मंदावतो. भांडणाच्या वेळी सांगू नकोस, आणि भावाच्या फोटोपुढे रडत पण नको. रविवारी सकाळी पोहे झाले की सांग. फार लांबण लावू नकोस, एवढंच म्हण की मी झोपेच्या तीन गोळ्या घेते, सोडायच्या आहेत, एकदम सोडता येत नाहीत, डॉक्टरकडे माझ्याबरोबर चल.

आणि मग उठून रव्याचा डबा उघड, स्ट्रिप काढ, रवा झटक आणि फ्रीजवर तुमची औषधांची टोपली असेल ना, त्यात ठेव, त्याच्या ॲसिडिटीच्या गोळ्यांशेजारी. रात्री घ्यायची वेळ झाली की त्याच्यासमोर घे, नळ न सोडता.

डॉक्टरांची तारीख कधीची मिळाली ते मला कळव.

तुझी ताई