सोंग-कुलला घोड्यावरून निघण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. ऑगस्टमध्ये किर्गिझस्तानला जाऊन किझार्ट गावापासून डोंगरावरच्या सोंग-कुल तलावापर्यंत तीन दिवस घोड्यावरून जायचं तू ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. सामानाची यादी मागितली आहेस, पण ती सहल नेणारे पाठवतीलच. मला वेगळं सांगायचं आहे. त्या तीन दिवसांचं वेळापत्रक घोड्याचं असतं, आपलं नसतं. हे आधीच मनाशी धरून गेलीस तर सगळं सोपं जाईल.

घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान असतं. त्याला एकदाच भरपूर खाऊन भागत नाही, दिवसातले कितीतरी तास चरत राहावं लागतं. म्हणून गाईड दुपारी तीन-चारलाच गवत आणि पाणी बघून मुक्काम टाकतो. तिकडे उन्हाळ्यात आठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे आपल्याकडची मंडळी ‘अजून थोडं पुढे जाऊया ना’ म्हणून त्याच्या मागे लागतात. तू लागू नकोस. संध्याकाळी पोटभर चरलेला घोडाच सकाळी खिंड चढतो.

आता तयारी. घोडा चालणार आणि आपण नुसतं बसणार, असं वाटतं खरं. पाच-सहा तास बसल्यावर मांड्यांची आतली बाजू आणि गुडघे काय म्हणतात, ते पहिल्याच संध्याकाळी कळतं. पुण्यात घोडेस्वारी शिकवणाऱ्या चांगल्या जागा आहेत, आजच नाव घाल. कदम चाल, म्हणजे घोड्याचं साधं चालणं, दोन दिवसांत जमेल. दुडकी, म्हणजे उड्या घेत हळू धावणं, मात्र नीट शीक, तिच्या ठेक्यावर उठणं-बसणं अंगवळणी पडू दे. ते जमलं नाही तर प्रत्येक पावलाला तुझं सगळं वजन घोड्याच्या पाठीवर आदळत राहतं. रविवारी सिंहगड चढ, आणि उतरसुद्धा. गाडीने खाली येऊ नकोस. तीव्र उतारावर तुला घोड्यावरून उतरून, लगाम हातात धरून चालावं लागेल.

फॉर्मवर वजन विचारतील, ते खरं लिही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापर्यंत भार असावा, असं मानतात. तिकडचे घोडे काटक, पण अंगाने लहान. संकोचापोटी लोक चार-पाच किलो कमी लिहितात आणि ते घोड्याला भोगावे लागतात.

सगळ्यात जास्त लक्ष खोगिराकडे दे. सकाळी तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना बरेच घोडे पोट फुगवून घेतात. पंधरा-वीस मिनिटं चाललं की तोच तंग सैल पडतो आणि चढावर खोगीर सरकतं. म्हणून थोडं चालून झाल्यावर गाईडला थांबवून तंग पुन्हा बघायला सांग. त्यात कमीपणा नाही. संध्याकाळी खोगीर उतरवलं की पाठीवरून तळहात फिरव. घामाने पाठ सगळीकडे सारखी ओली असायला हवी. ओल्यात मध्येच एखादा कोरडा ठिपका लागला तर तिथे खोगीर दाबतंय, आणि पुढे तिथेच जखम होते. घडी घालून ठेवण्याआधी खालचं कापडही झटक. काडी किंवा काटा अडकलेला असतो. कोरडा ठिपका दिसला तर त्याच वेळी गाईडला दाखव.

खुर्जीत, म्हणजे खोगिरावर टाकायच्या दुहेरी पिशवीत, दोन्ही बाजूंना सारखंच वजन हवं. ते कसं साधायचं हे बघायला लांब जायला नको. दिवाळीनंतर पुण्याच्या आसपास मेंढरं घेऊन फिरणाऱ्या धनगरांचे वाडे, म्हणजे तळ, उतरतात. त्यांच्या तट्टांवर अंथरुणं, भांडी, कोंबड्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, असं सगळं किती तोलून बांधलेलं असतं! ती भीमथडी तट्टं. 2024 साली त्यांची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली, याचा मला फार अभिमान वाटतो. यंदा तुला ते बघायला ऑगस्टनंतरच मिळेल, पण बघच.

बर्फ वितळून आलेले ओढे दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळीच ओलांडतात. पाण्यात शिरल्यावर लगाम सैल सोड आणि नजर पलीकडच्या काठावर ठेव, पाण्याकडे बघू नकोस. रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, फक्त चवडा ठेव, पडायची वेळ आलीच तर पाय अडकणार नाही. रेनकोट खाली उतरूनच घाल, कारण फडफडणाऱ्या कापडाला घोडे बुजतात. हेल्मेट इथूनच ने. विम्यात घोडेस्वारी आणि उंची दोन्ही धरलं आहे का, हे कंपनीकडून लेखी घे.

सोंग-कुल 3,016 मीटरवर आहे, आपलं पुणं साडेपाचशेच्या आसपास. डोकं फार दुखलं, उलटी झाली तर लपवू नकोस, लगेच सांग आणि खाली उतर.

मुक्काम तिथल्या मेंढपाळ कुटुंबांच्या युर्तमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, असेल. उन्हाळ्यापुरती ती जनावरं घेऊन वरच्या कुरणांवर येतात. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, किमिझचा, वाडगा पुढे केला तर नाही म्हणू नकोस. आंबट लागलं तरी घोटभर घे आणि ‘रहमत’ म्हणून परत दे. घोड्याला चपाती-बिस्किटं मात्र देऊ नकोस. त्याला उलटी करता येत नाही, नको ते पोटात गेलं की जिवावर बेततं.

पैसे भरण्याआधी रोज किती तास चालायचं आणि जास्तीचा घोडा बरोबर असतो का, एवढं विचार. ‘अनुभव नसला तरी पहिल्याच दिवशी भरधाव’ असं सांगणाऱ्याकडे जाऊ नकोस.

पुढचा रविवार मोकळा ठेव. सकाळी सहाला ये, तंग आवळायला आणि खोगीर उतरवायला शिकवतो.

तुझा,
काका