चाईचं औषध: कधी घ्यावं, कधी थांबावं

डोक्याचे केस जाण्याबद्दल या वेळी बरेच प्रश्न आले. बहुतेकांना औषधाचं नाव हवं आहे. मी मात्र प्रत्येक उत्तरात आधी आजार कोणता ते पाहणार आहे, कारण एकासाठी योग्य असलेली जोखीम दुसऱ्यासाठी निव्वळ नुकसान ठरते.

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात रुपयाएवढ्या दोन चाया पडल्या. सासूबाई म्हणतात बिब्बा लावा. मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली. तालुक्याच्या डॉक्टरांनी शनिवार-रविवारी घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. काय करू? (एक आई, दर्यापूर तालुका)

ताई, आधी बिब्बा बाजूला ठेवा. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं, फोड येतात. जखम खोल गेली तर व्रण राहतो आणि त्या जागी केस कधीच येत नाहीत. गुंजेच्या लेपाचंही तेच, शिवाय गुंज विषारी. ज्या चाईवर केस आपोआप आले असते, तिथे कायमचं टक्कल पडलेली लेकरं मी पाहिली आहेत. सासूबाईंना दुखवू नका, पण हे ठामपणे सांगा.

आता उजेडात ती जागा नीट बघा. कातडी गुळगुळीत आहे, खाज नाही, कोंडा नाही? मग ती बहुधा चाईच. शरीराची रोगप्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते, त्यामुळे हे होतं. मुळं मरत नाहीत, थांबून राहतात. म्हणूनच एक-दोन छोट्या चाया असलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचे केस वर्षभरात औषधाविना परत येतात. तिथे पपुद्रे, तुटलेले खुंट किंवा पू दिसत असेल, तर ते डोक्यातलं गजकर्ण असू शकतं. त्याला फक्त मलम पुरत नाही, बुरशीवरचं औषध चार ते आठ आठवडे पोटात घ्यावं लागतं आणि घरातल्या इतर मुलांची डोकीही तपासावी लागतात. स्टेरॉइडची ट्यूब गजकर्णावर लावली तर ते दबल्यासारखं दिसतं आणि आतून पसरतं.

मेडिकलवाल्याच्या ट्यूबवर ‘क्लोबेटासॉल’ लिहिलंय का पाहा, ते जोरदार स्टेरॉइड आहे. चाईवर ते खरंच वापरतात, मीही देतो. पण निदान झाल्यावर, फक्त त्या जागेपुरतं, ठरलेल्या आठवड्यांसाठी. महिनोन्‌महिने चोळलं तर कातडी पातळ होते. 2018 पासून अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे.

शनिवार-रविवारच्या गोळ्या म्हणजे पोटातून घ्यायचं स्टेरॉइड. चाई झपाट्याने पसरत असेल तर त्यांना जागा आहे. पण दोन छोट्या चायांसाठी नऊ वर्षांच्या मुलाला त्या द्याव्यात, असं मला वाटत नाही. उंची वाढायच्या वयात वाढ मंदावू शकते, वजन वाढतं, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि गोळ्या थांबल्या की चाई अनेकदा परतते. त्या सुरू करून काही आठवडे झाले असतील, तर अचानक बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. सुरूच केल्या नसतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. तीन महिने थांबून पाहणं हाही उपचार आहे. शाळेत पोरं चिडवत असतील तर गुरुजींना भेटून सांगा की हे लागट नाही.

प्रश्न: डेंग्यूतून उठून अडीच महिने झाले. आता फणीत पुंजकेच्या पुंजके येतात. कोणती गोळी घेऊ? (आरमोरी)

कुठलीच नको. मोठ्या तापानंतर किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस असेच गळतात आणि साधारण सहा महिन्यांत थांबतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तेवढं तपासून घ्या. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी तसं सांगा, त्यांच्यामुळे थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

प्रश्न: वय 24. समोरचे केस मागे सरकत आहेत, घरी सोयरिकीचं पाहणं सुरू आहे. मोबाइलवरून फिनास्टेराइड आणि मिनॉक्सिडिल मागवलं. लग्न होईपर्यंत घेऊन सोडलं तर चालेल? (पुसद)

भाऊ, या हिशेबाने तुमचं नुकसान होईल. ही चाई नाही, आनुवंशिक टक्कल आहे. दोन्ही औषधांचा फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात, पहिल्या काही आठवड्यांत मिनॉक्सिडिलने उलट थोडे जास्तच केस गळतात आणि औषध सोडलं की मिळालेलं काही महिन्यांत जातं. वर्षानुवर्षं घ्यायची तयारी असेल तरच सुरू करा.

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, त्यावरून डोक्याला लावायचं औषध निघालं आणि 1988 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. लावायच्या औषधाची जोखीम कमी आहे: खाज, कोंडा, क्वचित धडधड. त्यात अल्कोहोल असतं, तेव्हा वाळेपर्यंत चुलीजवळ किंवा पेटत्या शेकोटीजवळ जाऊ नका. घरात मांजर असेल तर तिला डोकं चाटू देऊ नका, तिच्यासाठी ते जीवघेणं आहे. मिनॉक्सिडिलची गोळी मात्र हृदयाची तपासणी न करता घेऊ नये. पायावर सूज आली तर लगेच थांबा.

फिनास्टेराइडच्या गोळीबद्दल भीती आणि बेफिकिरी दोन्ही फार. सुरुवातीच्या मोठ्या चाचण्यांत शंभरातल्या साधारण चार पुरुषांना लैंगिक तक्रारी आल्या, तुलनेसाठी औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतही शंभरातल्या दोघांना आल्या. म्हणजे बहुसंख्यांना काही होत नाही. पण काहींच्या तक्रारी गोळी बंद केल्यावरही राहिल्याच्या नोंदी आहेत आणि 2025 मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. तुम्हाला पूर्वी नैराश्य आलं असेल, किंवा नापिकीने, कर्जाने घरात आधीच ताण असेल, तर मी ही गोळी देणार नाही. घेत असाल तर घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा. मन उदास राहू लागलं तर ते त्यालाच आधी दिसेल. गोळीचा चुरा गरोदर बाईच्या हाताला लागू देऊ नका, पोटातल्या मुलग्याला धोका असतो.

प्रश्न: आमच्या भागात टकलाची भीती अजून गेली नाही. खबरदारी म्हणून केसांच्या गोळ्या सगळ्या घराने घ्याव्यात का? (शेगाव तालुका)

जानेवारी 2025 मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस काही दिवसांत गेले, तेव्हाची भीती मी समजू शकतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे बोट दाखवलं होतं. सेलेनियम जास्त झालं की केस गळतात, नखं खराब होतात, हे वैद्यकशास्त्राला जुनंच माहीत आहे. आणि बाजारातल्या ‘केसांच्या’ बऱ्याच गोळ्यांत सेलेनियमच असतं! मोठ्या माणसाने अन्न धरून दिवसाला 400 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये. तपासणीत कमतरता दिसल्याशिवाय कोणीही गोळी घेऊ नका.

प्रश्न: वय 26. डोक्याचे, भुवयांचे, पापण्यांचे सगळे केस गेले. तीन वर्षं झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी नवी गोळी सुचवली, पण ती धोक्याची आहे असं वाचलं. आमच्या घरी राहणाऱ्या मामांना टीबी झाला होता. (आर्वी)

ताई, तुमच्यासाठी पारडं वेगळं आहे. इतक्या पसरलेल्या आणि तीन वर्षं टिकलेल्या चाईत केस आपोआप येण्याची आशा कमी असते, म्हणून मोठ्या औषधाचा विचार रास्त आहे. ही जॅक इनहिबिटर गटातली, म्हणजे केसांच्या मुळांवर उलटलेली रोगप्रतिकारशक्ती दाबणारी गोळी असावी. त्यातलं बॅरिसिटिनिब 2022 मध्ये अमेरिकेत चाईसाठी मंजूर झालं. त्याच्या चाचण्यांत मोठा डोस घेणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांच्या डोक्यावर 36 आठवड्यांत 80 टक्के किंवा जास्त केस आले, खोटी गोळी घेणाऱ्यांत शंभरातल्या तीन ते सहा जणांचेच. म्हणजे तिघांतल्या दोघांना एवढं यश आलं नाही, हेही मनाशी धरा. गोळी बंद केली की बहुतेकांचे केस पुन्हा जातात.

गंभीर जंतुसंसर्ग, नागीण, रक्ताच्या गुठळ्या, हृदयविकार, कर्करोग असे इशारे या गटावर आहेत. हृदयविकार आणि कर्करोगाचा इशारा मुख्यतः संधिवाताच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, हृदयाचा धोका आधीच असलेल्या रुग्णांवरच्या अभ्यासातून आला. तुमच्या वयात तो धोका बराच कमी, पण शून्य नाही. तुमच्या बाबतीत मला खरी काळजी टीबीची आहे. शरीरात झोपलेला टीबी या गोळीने जागा होऊ शकतो. छातीचा एक्स-रे आणि सुप्त टीबीची तपासणी झाल्याशिवाय पहिली गोळीही घेऊ नका. सुप्त टीबी निघाला तर आधी त्याचं प्रतिबंधक औषध सुरू करावं लागतं, ते सरकारी टीबी केंद्रात मोफत मिळतं. रक्तपेशी, यकृत आणि चरबीची तपासणीही आधी आणि नंतर वेळोवेळी करावी लागते. मूल हवं असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, गरोदरपणात ही गोळी घेता येत नाही.

खर्च दर महिन्याचा आणि बहुधा वर्षानुवर्षांचा आहे. त्यासाठी वावर गहाण ठेवू नका, किंमत आधी विचारा. औषध न घेता चांगला विग वापरण्याचं तुम्ही ठरवलंत, तर तोही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असेल आणि कोणाला त्याचं स्पष्टीकरण द्यायची गरज नाही.

गोळी सुरू केलीत आणि एकच पाय सुजला, छातीत दुखलं, दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन आठवड्यांवर खोकला किंवा संध्याकाळचा ताप राहिला तर थुंकी तपासा. नागपूरला पुढच्या वेळी जाल तेव्हा मामांची टीबीची कागदपत्रं सोबत न्या.