हबशी, शिद्दी, निग्रो

प्रश्न असा आहे: फेब्रुवारीत एका वाचनालयात अमेरिकेतल्या दोन कृष्णवर्णीयांच्या, गुलामगिरीविरुद्ध लढलेला फ्रेडरिक डग्लस आणि इतिहासकार कार्टर वुडसन यांच्या, लेखनाचं अभिवाचन आहे. पत्रिकेत 'निग्रो नेते' बरं दिसत नाही, तर 'हबशी नेते' छापावं का?

अजिबात नको. काळा माणूस दिसला की 'हबशी' म्हणून मोकळं व्हायचं, हे ऐकून कान किटले. हबश हे अबिसिनियाचं, म्हणजे आजच्या इथिओपियाचं, अरबी नाव. तिथला तो हबशी, जसा इराणचा तो इराणी. मलिक अंबर हबशी, कारण तो तिथेच जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, हस्ते परहस्ते दख्खनेत आला आणि निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. १६२४ साली भातवडीला त्याने मोगल आणि आदिलशाही या दोन्ही फौजांना एकदमच धूळ चारली. डग्लस मेरीलँडचा. अमेरिकेत नेलेले गुलाम बहुतांशी आफ्रिकेच्या पश्चिम अंगाचे. त्यांचा हबशाशी संबंध काय?

खरी गंमत आहे ती 'शिद्दी' या शब्दात. हा 'सिद्ध'वरून आला असं ठोकून देणारे भेटतात; त्यांना नमस्कार. दुसरा पक्ष म्हणतो, अरबी 'सैद' म्हणजे शिकार, त्यावरून पकडून आणलेला तो शिद्दी. देवनागरीतल्या एका 'स'वर विसंबलं की असं होतं! अरबीत 'स'ची अक्षरं वेगवेगळी: शिकारीच्या 'सैद'मध्ये 'स्वाद' हे अक्षर आहे, 'सय्यद'मध्ये 'सीन'. शिद्दी आला तो 'सय्यिदी'वरून, म्हणजे 'माझे धनी'. उत्तर आफ्रिकेत आजही आदराने 'सीदी' म्हणतात. ट्युनिशियातलं सीदी बूझीद हे गाव त्याच नावाचं. स्पेनचा मध्ययुगीन वीर एल सिद, त्याची पदवीही हीच. म्हणजे आपला जंजिऱ्याचा शिद्दी आणि स्पेनचा सिद हे शब्दाने सख्खे भाऊ. ज्यांना बाजारात विकलं त्यांच्याच वंशजांच्या जमातीला 'धनी' हे नाव पडलं, याहून मोठा न्याय भाषेने क्वचितच केला असेल.

आणखी पुढे जाऊ. अरबी कोशांत 'सय्यद' आणि 'अस्वद', म्हणजे काळा, हे एकाच धातूखाली सापडतात: सीन, वाव, दाल. 'सूदान'ही त्यातलाच, काळ्या लोकांचा मुलूख. आधुनिक पंडित सांगतात, अक्षरं योगायोगाने जुळली, धातू दोन आहेत. मला हे मुळीच पटत नाही. 'सवाद' म्हणजे काळेपणा आणि 'सवाद' म्हणजेच मोठा जनसमुदाय. लांबून माणसांची दाटी काळीच दिसते. आपणही 'काळी रेघ दिसली' म्हणतोच की. अशा समुदायाची जबाबदारी घेणारा तो सय्यद, असं राघिब अल-इस्फहानीने आपल्या कुराणकोशात लिहून ठेवलं आहे. जुन्या कोशकारांना जे दिसत होतं ते वर्गीकरणाच्या हौसेत आज हरवलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिला 'निग्रो'. स्पॅनिश-पोर्तुगीजांत त्याचा अर्थ नुसता काळा. वुडसनचे आईबाप गुलामीतून सुटलेले. त्यानेच १९२६ मध्ये 'निग्रो हिस्टरी वीक' सुरू केला. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा निवडला, कारण लिंकनचा जन्मदिवस १२ तारखेला आणि डग्लसचा १४ ला पाळत. डग्लसची खरी जन्मतारीख कुणी नोंदवलीच नव्हती. इंग्रजीत या शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल छापा म्हणून कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस झगडला, आणि १९३० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते मान्य केलं. 'ब्लॅक' हा शब्द त्या समाजाने अभिमानाने पुढे आणला तो साठच्या दशकात. आठवड्याचा महिना झाला १९७६ मध्ये. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' १८७३ मध्ये अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकनांना. तेव्हा जुन्या नावांत आणि अवतरणांत 'निग्रो' आहे तसाच ठेवा, सोवळं म्हणून बदलू नका. तुमच्या स्वतःच्या वाक्यात 'कृष्णवर्णीय' लिहा. आणि डग्लसच्या नावाआधी 'गुलाम' हे विशेषण लावायचं असेल, तर 'गुलामीत जन्मलेला' असं पुरतं लिहा.