ग्लोव्हज घालायचे, पण शॉट मारताना नाही

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची आहे, मुलुंडला राहते. वरळीच्या नेमबाजीच्या रेंजवर २५ मीटर स्पोर्ट पिस्तूल करते, पिस्तूल क्लबचं आहे. डिसेंबरमध्ये स्पर्धेला दिल्लीत कर्णी सिंग रेंजवर जायचंय. आमच्या ग्रुपमधली एक सीनियर सांगते की तिथे सकाळच्या डिटेलला (तुकडीला) बोटं लाकडासारखी होतात. म्हणून मी पातळ ग्लोव्हज आणले आणि आठवडाभर ते घालूनच ड्रिल करतेय, पण शॉट कधी भलताच लवकर सुटतो आणि कधी सुटतच नाही. अजून थोडे दिवस केलं तर सवय होईल का? आई तर म्हणते लोकरीचे घाल.

उत्तर : सगळ्यात आधी एक कर, उद्यापासून गोळी भरलेल्या पिस्तुलावर ग्लोव्हज घालणं बंद. सवय होण्याची वाट बघू नकोस, कारण शॉट लवकर सुटतो हे जे तू एका ओळीत लिहून टाकलंयस ना, तेच मला सगळ्यात काळजीचं वाटलं. स्पोर्ट पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी १००० ग्रॅमचा लागतो, म्हणजे तेवढा दाब दिल्याशिवाय शॉट सुटता कामा नये, त्यातला पहिला टप्पा (शॉट सुटायच्या आधीचा हलका दाब) घेऊन बोट कुठे थांबलं हे आपल्याला फक्त बोटाच्या पेरावरच्या कातडीतून कळतं, आणि मध्ये कापड आलं की ते कळणंच बंद होतं. कापड ट्रिगर गार्डमध्ये जागाही खातं, त्यामुळे बोट आत नेतानाच ट्रिगरवर दाब येऊ शकतो. आणि शॉट झाल्यावर बोट पूर्ण मागे आलं नाही तर ट्रिगर रीसेट होत नाही, म्हणजे पुढचा शॉट सुटतच नाही. तुझ्या दोन्ही तक्रारी इथल्याच आहेत गं, तुझ्या हाताचा काही दोष नाही.

मी हे अनुभवातून सांगतेय. दिल्लीतल्या माझ्या पहिल्या स्पर्धेत मी रॅपिडला, म्हणजे झटपट शॉट मारायच्या फेरीत, ग्लोव्हज तसेच ठेवले होते, हात वर येत होता आणि साइट (नेम धरायची खूण) टार्गेटवर पोचायच्या आत शॉट गेला. गोळी टार्गेटच्या खाली मातीत गेली, कुणाला काही झालं नाही, पण मी अख्खी सीरिज, म्हणजे पाच शॉटचा संच, थरथरत होते आणि ती थरथर थंडीने नव्हती.

सियाचीनला जवान ग्लोव्हज घालूनच शस्त्र हाताळतात, बायथलॉनवाले बर्फात ग्लोव्हज घालून रायफल चालवतात, हे खरं आहे. पण तिथे उघडी कातडी धातूला लागली तर हात जायची भीती असते, आणि त्यांचं सगळं ट्रेनिंगच तसं असतं. दिल्लीची सकाळ सात-आठ अंशांची. आपल्याला तीही फार वाटते म्हणा, सांताक्रूझचा आजवरचा नीचांकच ७.४ अंश आहे आणि तो १९६२ सालचा, म्हणजे तुझ्या आईनेसुद्धा मुंबईत तशी थंडी बघितलेली नसेल.

आता मुख्य गोष्ट. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराखाली हातात असतात आणि बोटांपर्यंत नुसते दोर येतात. म्हणून फक्त बोटं झाकून भागत नाही. अंग गार पडलं की शरीर आधी बोटांचं रक्त कमी करतं आणि छाती-पोट सांभाळतं, तेव्हा छाती, मान आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात गरम ठेव. बाह्यांचं थर्मल, वर स्वेटर, डोक्याला टोपी. फक्त मनगट मोकळं राहू दे, कारण पिस्तूल प्रकारात मनगटाला कसलाही आधार चालत नाही. १० मीटरचा हॉल बंद असतो, पण २५ मीटरला डोक्यावर छप्पर आणि समोर सगळं उघडं, वारा थेट हातावर येतो.

आणि आईचे लोकरीचे ग्लोव्हज घे, नक्की घे! पातळवाले राहू दे. दोन सीरिजच्या मध्ये लोकरीचे घालायचे, आत हीट पॅक ठेवलास तरी चालेल, फक्त हात घामेजू देऊ नकोस, ओल्या हाताला वारा लागला की तो आणखी गारठतो.

ड्रिल करायचंच असेल तर ग्लोव्हज काढायचं कर. प्रिसिजनला, म्हणजे सावकाश नेम धरायच्या फेरीत, पाच शॉटना पाच मिनिटं असतात, तिथे वेळ आहे. रॅपिडला तीन सेकंदांत एक शॉट आणि मध्ये सात सेकंद हात खाली, तिथे ग्लोव्हजचं नावच नको, 'लोड' या हुकमाच्या आधी ते टेबलावर पाहिजेत. कोचला शेजारी उभं करून कर : पिस्तूल रिकामं, चेंबर कोचने बघितलेलं, ड्राय फायरची (गोळीशिवाय ट्रिगर दाबायची) सोय चालू, नळी टार्गेटकडे. फ्रीजच्या पाण्यात हात मिनिटभर बुडव, नीट पूस, ग्लोव्हज घाल, काढ, ग्रिप घे आणि ट्रिगर दाब. गार बोटाला पहिला टप्पा उशिरा जाणवतो हे तुला वरळीतच कळू दे. बोटं पांढरी पडून सुन्न होत असतील तर मात्र थांब आणि डॉक्टरांना दाखव.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. मुंबईच्या उकाड्यात आपला हात थोडा फुगलेला असतो आणि ग्रिप त्याच हातावर बसवलेली असते. दिल्लीत हात आकसतो आणि तीच ग्रिप सैल लागते, मग आपण नकळत जास्त आवळतो आणि शॉट ओढले जातात. तिथे पोचल्यावर पहिल्या प्रॅक्टिसलाच हे तपास. ग्रिपवर पुट्टीचा थर द्यायचा असेल तर कोचला विचारून इक्विपमेंट कंट्रोलच्या (स्पर्धेआधीच्या पिस्तूल तपासणीच्या) आधी दे, कारण एकदा पिस्तूल पास झालं की नंतर त्यात बदल केलेला चालत नाही.