एमआरआय काढताना अंग गरम होतं का? आईचा कमरेचा स्कॅन आहे, तिला शुगर आहे, भाजणार तर नाही ना?

भाऊ, अंग थोडं गरम होतं हे खरंय, पण गावात तुम्हाला कोणी सांगितलं ना की मशीन मायक्रोवेव्हसारखं आतून शिजवतं, ते डोक्यातून काढून टाका. मी जळगावातच एमआरआय टेक्निशियन आहे, चोपडा-यावलकडचे पेशंट रोज हाच प्रश्न घेऊन येतात.

गरम चुंबकामुळे नाही होत. सिग्नल मिळवायला मशीन अंगात रेडिओ लहरी सोडतं, १.५ टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं माप) मशीनमध्ये साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे एफएमच्या थोड्या खाली, आणि त्यातली बरीचशी ताकद अंगात जिरून उष्णता होते. किती जिरते ते किलोमागे वॅटमध्ये मोजतात, त्याला आम्ही एसएआर म्हणतो. नेहमीच्या मोडमध्ये पूर्ण अंगासाठी किलोमागे २ वॅटची मर्यादा असते, आतलं तापमान अर्ध्या डिग्रीपेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही असा हिशोब. नुसतं पडून राहिलं तरी आपलं शरीर किलोमागे साधारण १ वॅट उष्णता तयार करतंच, आणि रक्त, घाम ती बाहेर टाकतात.

३ टेस्लाच्या मशीनवर तोच स्कॅन तसाच घेतला तर एसएआर साधारण चौपट जातो, मग मशीन अडवतं आणि आम्हाला सेटिंग बदलून वेळ वाढवावा लागतो, बाहेर नातेवाईक ओरडतात एवढा वेळ काय चाललंय म्हणून, तर कधीकधी हेच चाललेलं असतं. हा सगळा हिशोब तुम्ही सांगितलेल्या वजनावर असतो, म्हणून आईचं वजन अंदाजे ठोकू नका. ५० किलोच्या बाईचं ७० सांगितलं तर मशीनला वाटतं अंग मोठं आहे आणि ते जास्त ताकद सोडू देतं.

आता भाजण्याचं. ते होतं तेव्हा बहुतेक एका जागी होतं, आणि कारण असतं रेडिओ लहरींमुळे अंगात तयार होणाऱ्या करंटला मिळालेला गोल रस्ता. आपल्याकडच्या बायका आडव्या झाल्या की देवाचं नाव घेत हात पोटावर जोडून घेतात, मांड्या चिकटलेल्या असतात, उघडी कातडी कातडीला लागली की तिथून करंट फिरतो आणि नेमक्या त्या छोट्या जागी चटका बसू शकतो. म्हणून आम्ही हात बाजूला ठेवायला लावतो, मध्ये चादर किंवा पॅड घालतो, कोपर मशीनच्या भिंतीला लागू देत नाही. टेक्निशियन विसरला तर तुम्ही आठवण करा, राग येऊ देत त्याला.

दागिन्यांवरून तर रोज भांडण. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही ना, मग राहू द्या की, असं म्हणतात. चिकटत नाही हे बरोबर, पण करंट त्यातूनही फिरतो, चांदीचा करदोडा तर कमरेभोवती पूर्ण वेटोळंच झालं, आणि स्कॅन पण कमरेचाच. जोडवी, पैंजण, मंगळसूत्र, संधिवाताचं तांब्याचं कडं सगळं घरीच काढून या, जरीचा ब्लाउज नको, दुखण्याची पट्टी चिकटवलेली असेल तर तेही सांगा कारण काहींच्या पाठीमागे धातूचा पातळ थर असतो. पेसमेकर, आतमध्ये कुठली तार, रॉड, काहीही बसवलं असेल तर कागद घेऊनच या, तो विषय वेगळा आहे, त्यातली तार टोकाला तापू शकते.

आईला शुगर आहे म्हणताय तर एक गोष्ट जास्त महत्त्वाची, जुन्या शुगरमध्ये पायाची जाणीव कमी झालेली असू शकते, मग चटका बसला तरी कळत नाही, हे टेक्निशियनला आधीच सांगा. त्या दिवशी ताप असेल तर तारीख पुढे ढकला, आधीच तापलेल्या अंगाला अजून उष्णता नको. आणि हातात रबरी फुगा देतात ना, तो दाबायचा. आपल्या आया दाबत नाहीत हो, मशीन बंद पडेल, लोकं हसतील म्हणून गप्प सहन करतात. घरूनच बजावून आणा की कुठे एका जागी गरम लागलं की दाब, आम्ही लगेच थांबवतो, पुन्हा सुरू करायला पैसे लागत नाहीत.