सात पेट्या गेल्या कुठे?

प्रश्न : ताई, मी देवगडचा, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. यंदा बागेच्या 86 पेट्यांचा हिशोब पायथॉन या संगणकभाषेत घातला. कुठल्या पेटीत किती डझन, ते फाइलमधून वाचून टपलमध्ये ठेवलं. मोजलेली पेटी काढून टाकायला ‘रिमूव्ह’ लिहिलं, तर एरर. मग लूपमध्ये ‘काउंट’ लावलं, तर 86 ओळी छापून आल्या आणि पाच डझनी पेट्या भरल्या 31. खळ्यात मोजल्या तेव्हा 38 होत्या! फाइल सोबत पाठवतोय.

उत्तर : पेट्या आहेत रे जागेवर. आधी ते एररचं. टपल म्हणजे पट्ट्या ठोकलेली पेटी, त्यातून काही काढता येत नाही की घालता येत नाही. आणि मोजायला काढायचं तरी कशाला? ‘काउंट’ न काढताच मोजतं.

वाशीला टेम्पो निघायच्या आधी आमचे बाबा पडवीत फेऱ्या मारायचे. एक फेरी चार डझनींची, एक पाचची, एक सहाची. हे झालं ‘काउंट’. आई मात्र उंबऱ्याशी वही घेऊन बसायची. पेटी पुढून गेली की तिच्या रकान्यात एक रेघ. सगळा हिशोब एका फेरीत. तू तर बाबांच्याही वरताण, दर पेटीमागे एक फेरी, म्हणजे 86 गुणिले 86, 7396 वेळा तपासणी! संगणकाला त्याचं काही वाटत नाही म्हणा, पण वाचणाऱ्याला वाटतं.

आईची वही पायथॉनमध्ये तयार आहे. ‘कलेक्शन्स’मधून ‘काउंटर’ इम्पोर्ट कर आणि अख्खं टपल त्याला दे. मी तुझ्या फाइलवर तेच केलं आणि चोर सापडला : ‘5’ समोर 31, आणि थोडं पुढे ‘५’ समोर 7. काही नोंदी कुणीतरी मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून केल्यात ना? फाइलमधून आलेला आकडा म्हणजे नुसता मजकूर. आपल्याला दोन्ही पाचच, पायथॉनला ती दोन वेगळी अक्षरं.

गंमत म्हणजे मजकुराची संख्या करणाऱ्या ‘इंट’ला देवनागरी आकडे वाचता येतात, ‘५’ दिलं तरी 5च देतं, मागेपुढे स्पेस राहिली असेल तर तीही झटकतं. तेव्हा टपल बांधायच्या आधीच प्रत्येक नोंद ‘इंट’मधून काढ. मी चालवून पाहिलं : पाच डझनी 38, चार डझनी 29, सहा डझनी 19. कीबोर्ड बदलायला कुणाला सांगू नकोस.