पावसाची सुट्टी आणि बुडालेली तालीम

जुलै-ऑगस्टमध्ये पालकांकडून एक प्रश्न हमखास येतो. अतिवृष्टीमुळे शाळेला सुट्टी मिळाली की बाकीची मुले खूश होतात, मग आमचेच मूल घुम्यासारखे का बसते, आणि शाळेतल्या मंडळाची एखादी तालीम बुडाली म्हणून एवढे मनाला लावून घेणे हा हट्टीपणा नव्हे का?

रायगड जिल्ह्यातील आठवीतल्या एका मुलाच्या आईनेही मला हेच विचारले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) शाळेच्या विज्ञान मंडळाने सर्पदंशाविषयीच्या अंधश्रद्धेवर स्पर्धेसाठी नाटिका बसवली होती आणि तिच्या पार्श्वध्वनीची, म्हणजे पत्रा, कंगवा अशा वस्तूंनी आवाज काढण्याची, जबाबदारी या मुलाकडे होती. हवामान खात्याचा रेड अलर्ट आणि त्यापाठोपाठ जिल्हाधिकाऱ्यांचा सुट्टीचा आदेश, असे त्या पंधरवड्यात दोनदा घडले. त्यानंतर मुलगा जेवताना बोलेनासा झाला आणि मंडळात जायचेच नाही म्हणू लागला. "मॅडम, दोन दिवसांच्या सुट्टीचं एवढं काय असतं हो?" असे आईने विचारले, तेव्हा तिच्या स्वरात रागापेक्षा काळजी अधिक होती.

सुट्टीच्या निर्णयाबद्दल मुलांसमोर शंका घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कित्येक मुलांना रात्र शाळेतच काढावी लागली होती. ओढे-नाले ओलांडून शाळेत येणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर जोखीम पत्करण्याचा प्रश्नच येत नाही. पण निर्णय योग्य असला तरी त्याची झळ सगळ्यांना सारखी बसत नाही, आणि या मुलाचे दुखणे तिथेच होते.

पुढच्या भेटीला त्याने संहितेची वही आणली. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत खुणा होत्या: "पत्रा – दोनदा, मग थांब", "बेडूक – कंगवा, हळू". वही उघडल्यावर तो आपणहून बोलू लागला. सुट्टीच्या दिवशी शाळेजवळच्या वसाहतीतली मुले एकाच्या घरी जमली आणि तालीम झाली. याचे घर नदीपलीकडच्या गावात, आणि घरातला एकच स्मार्टफोन वडिलांबरोबर कामावर गेलेला, त्यामुळे निरोप पोहोचलाच नाही. तो शाळेत परतला तेव्हा पत्रा दुसऱ्याच्या हातात होता. कुणी हे मुद्दाम केलेले नव्हते, म्हणून त्याला धड कुणावर रागावताही येत नव्हते.

याला शाळेच्या वेळापत्रकाचीही जोड होती. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन अपेक्षित आहे. त्यामुळे बुडालेले तास या शाळेत शनिवारी भरून काढत, आणि मंडळाचा तास नेमका शनिवारीच असे. म्हणजे पाऊस मंगळवारी पडला तरी तालीम शनिवारची जाई. गणिताचा तास भरून निघतो, मंडळाचा निघत नाही. आणि ज्या मुलाला वर्गात फारशी ओळख नाही, त्याची शाळेतली जागाच कधीकधी त्या एका तासावर उभी असते.

आईच्या संमतीने मी विज्ञानाच्या बाईंशी आणि मुख्याध्यापिकांशी बोलले. सुट्टीच्या दिवशी घरी तालीम घेऊ नये, निरोप पालकांना फोन करूनच द्यावा, सक्तीच्या सुट्टीतील गैरहजेरीमुळे कुणाचेही काम काढून घेऊ नये आणि शनिवारी निदान अर्धा तास मंडळासाठी राखावा, असे मी सुचवले. पहिल्या तीन गोष्टी लगेच मान्य झाल्या, चौथी अजून झालेली नाही, आणि मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. बाईंनी पत्रा दोघांत वाटून दिला. मुलगा थोडा कुरकुरला, पण तालमीला जाऊ लागला.

पालकांनी अशा वेळी "त्यात काय एवढं" म्हणण्याआधी, त्या दिवशी तुझे नेमके काय राहून गेले, एवढे विचारावे, आणि शाळेने निरोप कोणत्या क्रमांकावर पाठवला याचीही चौकशी करावी. नाराजी सहसा आठवडाभरात ओसरते. मात्र दोन आठवडे उलटूनही झोप आणि भूक कमीच राहिली, किंवा मूल शाळेतच जायला नको म्हणू लागले, तर कारण तालमीपुरते नाही असे समजून समुपदेशकाची वा डॉक्टरांची भेट घ्यावी.